डेकखालची मिरी

रविवारची सकाळ आहे, बऱ्याच घरांत आत्ता पोह्यांना फोडणी पडत असेल, म्हणून विषयही घरगुतीच घेतलाय. मांजर. पण मांडीवर येऊन गुरगुरणारं मांजर नाही. माणसाची चाहूल लागताच डेकखाली दिसेनासं होतं, रात्री कचऱ्याच्या डब्यापाशी दोन हिरवे डोळे चमकवतं आणि सकाळी बर्फात फक्त पावलांचे ठसे ठेवून जातं, ते मांजर. असं एक मांजर माझ्या घरात राहतं. तिचं नाव मिरी. तिचा विश्वास मिळवायला आम्हाला सव्वा वर्ष लागलं, आणि ते कसं झालं हे आज सांगणार आहे.

आधी एक फरक स्पष्ट करू या. आपण सरसकट ‘भटकं मांजर’ म्हणतो, पण त्यात दोन जाती असतात. एक म्हणजे कधीतरी कुणाच्या घरात वाढलेलं आणि मग हरवलेलं किंवा सोडून दिलेलं मांजर. ते घाबरलेलं असलं तरी माणूस म्हणजे काय हे त्याला माहीत असतं. आठ-पंधरा दिवस खाऊ घातलं की पायात घोटाळायला लागतं. दुसरं म्हणजे बाहेरच जन्मलेलं, माणसाचा हात कधीच न लागलेलं. इथे त्याला ‘फेरल’ म्हणतात, मी आपलं रानवट म्हणतो. त्याच्या लेखी माणूस म्हणजे एक मोठा शिकारी प्राणी, एवढंच.

हा फरक फार लहानपणी पडतो. फिलाडेल्फियाच्या टेम्पल विद्यापीठात आयलीन कार्श यांनी १९८० च्या दशकात मांजराच्या पिल्लांवर बरंच काम केलं. पिल्लू साधारण दोन ते सात आठवड्यांचं असताना माणसांनी त्याला रोज हाताळलं, तर ते पुढे माणसाळतं. तो काळ उलटून गेला की दार पुरतं बंद होत नाही, पण फटीएवढंच उघडं राहतं. मिरी आमच्या हाती लागली तेव्हा साधारण वर्षाची होती. म्हणजे ती फट किती बारीक होती याचा अंदाज करा.

आम्ही सेंट्रल न्यू जर्सीत टाउनहाउसमध्ये राहतो. आमच्या ओळीच्या मागे झाडी आहे आणि तिथे चार-पाच मांजरांचा एक गट असायचा. मांजरी चार-पाच महिन्यांची असतानाच गाभण राहू शकते आणि तिचे दिवस जेमतेम नऊ आठवड्यांचे. त्यामुळे चाराची चौदा व्हायला वेळ लागत नाही. यावर इथे जो उपाय करतात त्याला टीएनआर म्हणतात. मांजर पिंजऱ्यात पकडायचं, नसबंदी करायची, रेबीजची लस टोचायची आणि होतं तिथेच परत सोडायचं. भूल दिलेली असतानाच बहुधा डाव्या कानाचं टोक सरळ कापतात, म्हणजे याचं काम झालंय हे लांबूनच कळतं. तुमच्या अंगणात असं कान कापलेलं मांजर दिसलं, तर कुणी त्याला इजा केली असं समजू नका. उलट कुणीतरी त्याची काळजी घेतली आहे.

२०२२ च्या नोव्हेंबरात आमच्या भागातल्या एका स्वयंसेवक बाईंनी दिलेला पिंजरा आम्ही मागे लावला आणि काळी, किडकिडीत मिरी त्यात सापडली. पिंजऱ्यावर जुनी चादर टाकली की अंधारात मांजर शांत राहतं, हे त्या बाईंनीच शिकवलं. शस्त्रक्रिया झाली, कानाचं टोक कापलं गेलं आणि मग डॉक्टरांचा फोन आला. ती मागच्या पायावर लंगडत होती म्हणून त्यांनी एक्स-रे काढला होता. कंबरेच्या हाडाला तडा होता, बहुतेक गाडीचा धक्का. ऑपरेशनची गरज नव्हती, पण सहा आठवडे पळणं नाही, उडी नाही. म्हणजे बंदिस्त जागा.

मोठ्या कुत्र्यासाठी असतो तसा पिंजरा आणून आम्ही तो वरच्या रिकाम्या खोलीत मांडला. एका बाजूला लिटर बॉक्स, दुसऱ्या बाजूला खाणं-पाणी आणि मधे पुठ्ठ्याचं एक खोकं, लपायला. या खोक्याचं महत्त्व फार आहे. नेदरलँड्समध्ये युट्रेक्टच्या संशोधकांनी २०१४ मध्ये एका निवाऱ्यात नव्याने आलेल्या मांजरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. काही मांजरांना लपायला खोकं दिलं, काहींना दिलं नाही. खोकं मिळालेली मांजरं पहिल्या काही दिवसांतच जास्त लवकर स्थिरावली. आपल्याला वाटतं, लपायला जागा दिली तर ते बाहेर येणारच नाही. होतं नेमकं उलट. जिथे लपता येतं, तिथूनच बाहेर यायचं धाडस होतं.

सहा आठवडे संपले. हाड जुळलं, पण कंबर थोडी ताठ राहिली. आता काय? सगळ्या गोष्टींचा विचार करून डॉक्टर म्हणाले की ही चालेल, खाईल, पण भरधाव गाडी किंवा कोल्हा समोर आला तर हिला वेळेत झाडावर चढता येईलच असं नाही. बाहेर जानेवारी होता. आम्ही तिला घरातच ठेवायचं ठरवलं.

पण हा निर्णय आमचा होता, तिचा नव्हता. रानवट मांजराच्या बाबतीत मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती हीच गोष्ट. कुत्र्याचं पिल्लू आपण आणतो, त्याला आपण हवे असतो. मिरीला आम्ही नको होतो. तिच्या दृष्टीनं तिला धरून आणलं होतं. आणि ज्याला धरून आणलंय त्याच्यावर प्रेम लादता येत नाही. एवढंच करता येतं की यापुढे त्या घरात तिच्या मनाविरुद्ध जितकं कमी घडेल तितकं कमी घडू द्यायचं. आमच्या घरात एकच नियम झाला: मिरीला कायम निघून जायची वाट मोकळी ठेवायची. दारात उभं राहायचं नाही. तिच्या आणि तिच्या खोक्याच्या मधे यायचं नाही. खोक्यात हात घालायचा नाही, कधीच नाही. ते तिचं घर.

आता तुम्ही म्हणाल, घाबरलेलं मांजर ओळखायचं कसं? फिस्कारणारं मांजर सगळ्यांना कळतं. खरं तर फिस्कारणं हे सभ्यपणाचं लक्षण आहे. ती सांगते आहे, “अहो, तिथेच थांबा.” आपण थांबलो, दोन पावलं मागे गेलो, तर तिला कळतं की आपलं म्हणणं इथे ऐकलं जातं. न कळणारी भीती असते ती गोठलेल्या मांजराची. अंग जमिनीला चिकटलेलं, शेपटी अंगाभोवती घट्ट, बाहुल्या मोठ्या, कान बाजूला वळलेले, आणि काही हालचाल नाही. पाहुणे म्हणतात, “किती शांत आहे हो!” ते शांत नसतं. पळायला वाट नाही म्हणून ते दगड झालेलं असतं. ‘टॉवेलमध्ये गुंडाळून रोज अर्धा तास मांडीवर धरा, होईल सवय,’ असं सांगणारे भेटतात. चार-सहा आठवड्यांच्या पिल्लाला हळुवार हाताळणं वेगळं. वर्षाच्या रानवट मांजरीला असं धरून ठेवलं तर ती एवढंच शिकते की सुटायचा प्रयत्न करून उपयोग नाही.

दुसरा सल्ला उपाशी ठेवण्याचा. ‘भूक लागली की येईल हातावर.’ हे अजिबात करू नका. मांजरानं दोन-तीन दिवस काही खाल्लं नाही, तर त्याच्या लिव्हरमध्ये चरबी साचून जीवघेणा आजार होऊ शकतो. पोटभर जेवण ठरल्या वेळी, काही न करता, मिळालंच पाहिजे. हाताजवळ येण्यासाठी जे द्यायचं ते त्याशिवाय आणि त्याहून चविष्ट.

मग करायचं काय? पहिली गोष्ट, वेळापत्रक. सकाळी सात आणि संध्याकाळी सहा, त्याच वेळी, त्याच वाटीत, त्याच पावलांनी. आत जाताना दार वाजवायचं आणि तेच एक वाक्य म्हणायचं. आमचं वाक्य होतं, “मिरीबाई, जेवण.” सगळं आधी ठाऊक असलं की अर्धी भीती कमी होते.

दुसरी गोष्ट, बसणं. खोलीत जायचं, जमिनीवर बसायचं, तिच्याकडे तोंड न करता, अंग थोडं तिरकं ठेवून. टक लावून बघायचं नाही, कारण मांजरांच्या जगात टक लावणं म्हणजे भांडणाची तयारी. नजर गेलीच तर डोळे हळूहळू अर्धे मिटायचे आणि पुन्हा हळूच उघडायचे. हे ऐकायला भाबडं वाटतं, पण २०२० मध्ये इंग्लंडच्या ससेक्स विद्यापीठातल्या संशोधकांनी हे तपासून पाहिलं. माणसानं असे डोळे मिटले की मांजरंही जास्त वेळा डोळे बारीक करून उत्तर देतात आणि अनोळखी माणसाच्या पुढे केलेल्या हाताकडे यायलाही जास्त तयार होतात. मांजर डोळे मिटून दूध पितं, ही म्हण आपण चोरट्यांसाठी वापरतो. पण समोरच्यासमोर डोळे मिटणं याचा मांजरांच्या भाषेत अर्थ असा, की तुझ्यापासून मला धोका नाही.

आणि दूध म्हटलं म्हणून सांगतो, बऱ्याच मोठ्या मांजरांना दूध पचत नाही. बशीत दूध ठेवायची आपली जुनी सवय इथे सोडा.

माझा पेशा सल्लागाराचा, वर एमबीए. जे मोजता येतं तेच सुधारता येतं, असं आमच्या डोक्यात भरवलेलं. त्यामुळे मी एक्सेलची शीट केली. तारीख, खोलीत कोण बसलं, किती वेळ, आणि मिरी आपणहून किती जवळ आली ते फुटांत. मुलगी मला खूप हसली. जानेवारीत आकडा होता अकरा फूट, म्हणजे खोलीचा पार दुसरा कोपरा. फेब्रुवारीअखेर आठ. मार्चमध्ये सात आणि पुन्हा नऊ, कारण बाहेर बर्फ काढायचं यंत्र धडधडलं होतं.

पण त्या शीटनं मला एक गोष्ट दाखवली. सगळ्यात कमी अंतर ज्या दिवशी असायचं, त्या दिवशी मी मिरीसाठी खोलीत गेलेलोच नसायचो! सकाळी साडेसातला पुण्याच्या टीमबरोबर माझा रोजचा कॉल असतो. घरात सगळ्यांची धांदल, म्हणून मी लॅपटॉप घेऊन तिच्या खोलीत बसू लागलो होतो. अर्धा तास एकसुरी आवाजात ‘हे कुठवर आलं, ते कधी संपेल’. माझं लक्ष पडद्यावर, हात कीबोर्डवर. आणि मिरी पाच फुटांवर येऊन बसलेली. तिला माझी सोबत चालत होती. माझं लक्ष तिला जड जात होतं. आपण ज्याला प्रेमाने बघणं म्हणतो, ते घाबरलेल्या जिवाला पाळत ठेवल्यासारखं वाटतं. तेव्हापासून खोलीत जाताना प्रत्येकानं आपलं काम घेऊन जायचं ठरलं. मुलगी गृहपाठ नेई. बायको धुतलेले कपडे घड्या घालायला नेई.

एप्रिलमध्ये माझी आई आली. सातारा जिल्ह्यातल्या गावाहून, व्हिजिटर व्हिसावर, सहा महिन्यांसाठी. ज्यांचे आईवडील इथे येऊन राहतात त्यांना माहीत आहे, दिवसाचे आठ-नऊ तास त्यांना फार मोठे जातात. आम्ही दोघं कामावर, नात शाळेत, गाडी चालवता येत नाही, शेजारी कुणाचं दार उघडं नाही. घरात दोघीच उरायच्या, आई आणि मिरी.

आईनं पहिल्या दिवशी सगळा प्रकार ऐकून घेतला. खोकं, शीट, डोळे मिटणं. मग म्हणाली, “गावाकडं मांजराला कोण बोलावतं? चुलीपाशी ऊब असती, ते येतं. आपण आपलं काम करायचं.” दुपारी ती त्याच खोलीत खिडकीपाशी खुर्ची टाकून बसू लागली. वाती वळायच्या, शेंगा सोलायच्या, संध्याकाळी हरिपाठ म्हणायचा. मिरीकडे ती बघायचीही नाही. शिकवल्याशिवायच तिला सगळं येत होतं.

आई माळकरी. अंडंसुद्धा चालत नाही. मांजर मात्र पक्कं मांसाहारी. त्याला टॉरिन नावाचा घटक अन्नातून मिळावाच लागतो आणि तो मांसमासळीत असतो. तो कमी पडला तर डोळ्यांचा पडदा आणि हृदय दोन्ही बिघडतात. कॅलिफोर्नियात डेव्हिसच्या विद्यापीठानं १९८७ मध्ये टॉरिनच्या कमतरतेचा आणि हृदयविकाराचा हा संबंध दाखवून दिला, आणि त्यानंतर मांजरांच्या तयार खाद्यातलं टॉरिनचं प्रमाण वाढवण्यात आलं. त्यामुळे शाकाहारी घरात मांजर आणणार असाल, तर हा विचार आधी करा. दहीभातावर ते जगणार नाही. आईनं तिचा मार्ग काढला. माशाचं ते चाटून खायचं पातळ पाकीट ती लांब दांड्याच्या लाकडी चमच्यावर पिळायची आणि चमचा जमिनीवर टेकवून स्वतः दुसरीकडे बघत बसायची. “तिचा धर्म तिला, माझा मला,” म्हणायची.

चमचा लांब असण्याचा फायदा लक्षात आला का? हात दूर राहतो. आठवड्याला बोटभर चमचा आत घ्यायचा. मे महिन्यात मिरी आईपासून दोन फुटांवर खात होती. जूनच्या एका दुपारी खाऊन झाल्यावर ती नेहमीसारखी पळाली नाही. आईच्या पातळाच्या काठाला गाल घासून, मग गेली. मी कामावर होतो. आईनं फोन करून सांगितलं नाही. संध्याकाळी जेवताना सहज म्हणाली, “आज तुमची मिरी लुगडं पुसून गेली.” मी शीटमध्ये पहिल्यांदा शून्य लिहिलं. नावाच्या रकान्यात ‘आई’.

गाल घासणं म्हणजे मांजर आपला वास आपल्याला लावतं. त्या वासाची वस्तू ओळखीची, म्हणून सुरक्षित. इथून पुढे स्पर्श सुरू करता येतो, पण घाई नको. हात वरून न्यायचा नाही. एक बोट, नाकाच्या पातळीवर, थोडं अलीकडे थांबवायचं. उरलेलं अंतर तिनं कापायचं. तिनं नाक लावून गाल वळवला, तर गालावर किंवा हनुवटीखाली मनातल्या मनात तीन म्हणेपर्यंत खाजवायचं आणि हात मागे घ्यायचा. हवं असेल तर ती पुढे येईल. शेपटी आपटायला लागली, पाठीची कातडी थरथरली, कान मागे गेले, तर त्या दिवसापुरतं संपलं. पोटाला हात नाही, शेपटीच्या बुडाशी नाही, आणि उचलणं तर नाहीच.

मुलांचं काय, असं विचाराल. माझी मुलगी तेव्हा दहा वर्षांची होती. तिला मांजर हवं होतं ते कुशीत घ्यायला, आणि मिळाली ही अशी. पहिले दोन महिने ती रुसली होती. मग तिला एक काम दिलं, रात्री झोपण्याआधी पंधरा मिनिटं मिरीला मराठी गोष्ट मोठ्यानं वाचून दाखवायची. मिरी चुका काढत नाही, हसत नाही, मधे थांबवत नाही. आमच्या मुलीचं मराठी वाचन त्या खोलीत सुधारलं, आणि हळू आवाजात बोलायची सवय लागली ती वेगळीच. मात्र एक सांगून ठेवतो, मांजर चावलं तर ते साधं समजू नका. दात बारीक आणि खोल जातात, जखम लवकर चिघळते. साबणानं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

सप्टेंबरात आमच्याकडे दीड दिवसाचा गणपती असतो. चाळीस माणसं, आरती, टाळ, झांजा. त्या दिवशी वरच्या खोलीला कुलूप. कुणालाही ‘मांजर दाखव ना’ला हो म्हणायचं नाही, अगदी लहान मुलांनाही नाही. दिवाळीच्या, चार जुलैच्या आणि थर्टी फर्स्टच्या फटाक्यांनाही हाच नियम. घरात फुलं येतात त्यात लिली असेल तर बाहेरच ठेवा. लिलीचा परागही मांजराच्या किडनीला घातक असतो.

ऑक्टोबरात आई परत गेली. मिरी पुढचे आठ-दहा दिवस दुपारी खिडकीजवळच्या रिकाम्या खुर्चीखाली बसायची. कुत्रं माणसाचं आणि मांजर घराचं, असं आपल्याकडे म्हणतात. २०१९ मध्ये ओरेगन स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांनी मांजराची पिल्लं आणि त्यांना सांभाळणारी माणसं यांचा अभ्यास केला. नव्या जागी माणूस सोडून गेलं आणि परत आलं की पिल्लं कशी वागतात हे पाहिलं. सुमारे ६५ टक्के पिल्लं माणूस परत आल्यावर निर्धास्त झाली आणि पुन्हा इकडेतिकडे हुंदडू लागली. म्हणजे माणूस हा त्यांचा आधार असतो. फक्त मांजर ते बोलून दाखवत नाही. आम्ही आईचा हरिपाठ फोनवर रेकॉर्ड करून मागवला आणि संध्याकाळी लावू लागलो. मिरीला त्याचा किती उपयोग झाला हे शीटवरून सांगता येणार नाही. आम्हाला झाला.

आता खरी परीक्षा. २०२४ च्या फेब्रुवारीत मिरीनं कोरडं खाणं सोडलं. वाटीशी यायची, एक दाणा तोंडात घेऊन टाकून द्यायची. लाळ गळत होती. दाताचं दुखणं उघड दिसत होतं, म्हणजे डॉक्टरकडे नेणं भाग. ज्या मांजरीनं सव्वा वर्षात आम्हाला गालाला हात लावू दिला होता, तिला पेटीत बंद करून गाडीतून न्यायचं. इथेच बऱ्याच घरांत सगळं ढासळतं. दोघंजण मोठा टॉवेल घेऊन पलंगाखाली शिरतात, अर्धा तास झटापट होते, आणि मांजर पुढे कित्येक महिने जवळ येत नाही.

आमच्याकडे ती तयारी आधीपासून होती. मागच्या उन्हाळ्यापासून कॅरियर तिच्या खोलीतच होतं, दार काढून ठेवलेलं, आत तिचं जुनं पांघरूण. जेवणाची वाटी दर आठवड्याला चार बोटं आत सरकवली. हिवाळ्यापर्यंत ती आतच जेवायला लागली, मग आतच झोपायला लागली. त्यानंतर दार बसवलं, क्षणभर लावलं, उघडलं. दहा सेकंद, अर्धा मिनिट, एक मिनिट. त्यामुळे त्या दिवशी ती आपल्या पायांनी आत गेली. डॉक्टरांनी गॅबापेंटिन नावाचं औषध दिलं होतं, ते निघायच्या दोन तास आधी माशाच्या पाकिटातून गेलं होतं. अशा भित्र्या मांजरांसाठी ते हल्ली बरेच डॉक्टर देतात. पण मात्रा त्यांनीच ठरवायची, आपल्या घरातलं औषध द्यायचं नाही. कॅरियरवर चादर टाकली आणि निघालो.

दोन दात काढावे लागले. संध्याकाळी घरी आणलं, दार उघडलं आणि ती थेट खोक्यात गेली. दुसऱ्या दिवशी अंतर अकरा फूट. जानेवारी २०२३ चाच आकडा. बायको म्हणाली, “सगळं पहिल्यापासून आलं का?” आम्ही काही विशेष केलं नाही. सात वाजता दार वाजवलं, “मिरीबाई, जेवण,” साडेसातला पुण्याचा कॉल, रात्री गोष्ट. तिसऱ्या दिवशी सात फूट. पाचव्या दिवशी तीन. नवव्या दिवशी कॉल चालू असताना तिनं माझ्या गुडघ्याला गाल घासला. पहिल्या वेळी अकरावरून शून्यावर यायला पाच महिने लागले होते, आणि तेही आईपाशी. या वेळी नऊ दिवस.

मला वाटतं, विश्वास मोजायचा तर हाच आकडा बघावा. ती पुन्हा कधी घाबरणारच नाही, असं होणार नाही. डॉक्टर, वादळ, पाहुणे, फटाके येतच राहणार. कधीकधी तिला दुखवावं आपल्यालाच लागणार, तिच्या भल्यासाठी, आणि ते तिला समजावून सांगता येणार नाही. पण शंभर दिवस आपण ठरल्या वेळी आलो, तिला वाट मोकळी ठेवली, नको म्हटल्यावर थांबलो, तर एकशे एकाव्या दिवशीच्या दुखवण्यातून ती परत येते. परत यायला तिला किती दिवस लागतात, ती आपली कमाई.

आज मिरी कशी आहे? घरभर फिरते. रात्री मुलीच्या पलंगाच्या पायथ्याशी झोपते. दाराची बेल वाजली की अजूनही वरच्या खोलीत जाते, आणि आमच्या ओळखीतल्या निम्म्या लोकांनी तिला पाहिलेलं नाही. ती मांडीवर बसत नाही. बहुधा कधीच बसणार नाही. आम्ही त्याची वाट बघणं सोडून दिलं आहे आणि त्यानं आमचं काही अडलं नाही.

तुमच्या डेकखाली असं मांजर असेल तर शेवटी एवढंच सांगतो. पहिल्यांदा कान बघा. टोक कापलेलं असेल, मांजर धडधाकट असेल, तर ते बाहेरच बरं आहे. पाणी, खाणं आणि थंडीत पेंढा भरलेलं एखादं खोकं पुरे. घोंगडी घालू नका, ती ओल धरते. टोक कापलेलं नसेल, तर टीएनआर करणाऱ्या स्थानिक लोकांना गाठा. न्यू जर्सीत प्रत्येक गावाचे नियम वेगळे आहेत, तेव्हा आपल्या टाउनशिपमध्ये विचारून घ्या. अगदी लहान पिल्लं दिसली तर लगेच उचलू नका. आई बहुतेक जवळच असते, लांबून थांबून बघा. आणि मोठं रानवट मांजर काही कारणानं घरात आणावंच लागलं, तर एक खोली, एक खोकं आणि एक वर्ष हाताशी ठेवा. शक्य असेल तर गावाहून आलेली एक आजीही.

पुढच्या रविवारी भेटू. नमस्कार.